दुकानातलं वाचन: सभागृह नको, रॅकमधलं सांगा

पातेलेवाली

प्रकाशन सोहळे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं लांबलेलं भाषण आणि शेवटी 'वेळेअभावी' लेखकाच्या वाट्याला आलेली पाच मिनिटं. ते इथे नको. पुस्तकाच्या दुकानात, रॅक सरकवून, पंचवीस-तीस प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून झालेलं वाचन तुम्ही ऐकलं असेल, केलं असेल, भरवलं असेल, तर त्याबद्दल लिहा. चांगलंच लिहायला हवं असं नाही.

मीच सुरुवात करते. डोंबिवली, जूनचा दुसरा आठवडा, बाहेर धो धो पाऊस. दुकानाच्या पुढच्या अर्ध्यात गाइडं, वह्या, कंपासपेट्या. मागच्या अर्ध्यात साहित्य. पुढचं दुकान मागच्या दुकानाला पोसतं, असं मालक स्वतःच म्हणतात. आम्ही सात जण. कथाकार नवी कथा वाचत होते. वडिलांच्या मागे दोन भाऊ घरातली भांडी वाटून घेतायत, सगळं झालंय, एक पितळी पातेलं तेवढं उरलंय. कथा त्या पातेल्यापाशी आली, आम्ही सगळे गप्प, आणि पुढून आवाज: "नववी सेमीचं गणित भाग दोन आहे का हो?"

काउंटरवरचा मुलगा कुजबुजला, "संपलंय, सोमवारी येईल."

"मग भाग एक तरी द्या."

लेखक थांबले. चष्मा वर सरकवून म्हणाले, "त्यांना आधी भाग एक द्या, मग आपण पातेल्याचं बघू." आम्ही हसलो, त्या बाईही हसल्या. गाइड पिशवीत टाकलं, पण गेल्या नाहीत. निथळती छत्री हातात धरून रॅकला टेकून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. जाताना मला विचारलं, "पण त्यांची आई होती का हयात? सुरुवातीचं ऐकलं नाही मी."

आई होती. ते सांगितल्यावर त्या जरा वेळ तशाच उभ्या होत्या.

तिसरी रांग

तुमच्या नियमात बसत नाही, तरी लिहितो. मी पार्ल्याचा, म्हणजे मॅजेस्टिक गप्पांवर, लेखकांशी होणाऱ्या जाहीर गप्पांवर वाढलेला. गिरगावातल्या मॅजेस्टिक या पुस्तकांच्या दुकानातले केशवराव कोठावळे. गप्पांमागे उभं राहिलं ते त्यांचंच घर. पण गप्पा टिळक मंदिराच्या पटांगणात, खच्चून गर्दीत. त्याआधीच्या पिढीत करंदीकर, बापट, पाडगावकर गावोगाव हिंडून कविता वाचायचे. माझ्या वडिलांनी ऐकलं होतं तिघांना. आंघोळीचं पाणी तापेपर्यंत तिघांच्या तीन आवाजांत कविता म्हणायचे, आणि आम्हाला वाटायचं आत पाहुणे आलेत.

सांगायचं ते हे की आपल्याकडे ऐकायची सवय गर्दीतली आहे. दुकानातल्या पहिल्या वाचनाला गेलो तेव्हा लेखक माझ्यापासून चार फुटांवर बसलेले. शर्टाचं एक बटण दोऱ्यावर लोंबत होतं. अर्धा तास मी त्या बटणाकडे पाहत होतो. आता पडेल, मग पडेल. कादंबरी काय होती ते विचारू नका.

गल्ल्यावरचा

दुकानदार बोलतोय. गाव विचारू नका, आकडे देतो.

शनिवारची संध्याकाळ ही धंद्याची वेळ. वाचन ठेवलं की सहा ते साडेआठ निम्मं दुकान बंद. खुर्च्या मांडववाल्याकडून, नगाला १० रुपये, ३० खुर्च्या. चहाचे दोन थर्मास, बिस्किटं, बाहेर लावायला छोटा फ्लेक्स, लेखक बाहेरगावचा असेल तर रिक्षा. सगळं मिळून १२०० रुपये. पुस्तक २५० रुपयांचं. प्रकाशकाकडून मला ३५ टक्के. त्यातले १० टक्के गिऱ्हाईक हक्काने कापून घेतं. माझ्या हातात प्रतीमागे बासष्ट-त्रेसष्ट रुपये. म्हणजे खर्च निघायला वीस प्रती जायला हव्यात. जातात आठ-नऊ. उरलेला गठ्ठा परत पाठवायचा, त्याचं पार्सल वेगळं.

माझे दोन नियम आहेत. पहिला, त्या दिवशी लेखकाने भेटप्रती वाटायच्या नाहीत. हा नियम एका कवीमुळे झाला. माणूस देवासारखा, पण येताना शबनम भरून प्रती घेऊन आला आणि माझ्या काउंटरला टेकून, माझ्याच पेनाने, नातेवाइकांना 'सप्रेम भेट' लिहून देत बसला. चौदा मोजल्या मी. माझ्याकडून विकल्या गेल्या तीन, त्यातली एक मी घेतली. दुसरा नियम, माइक नाही. चारी बाजूंना पुस्तकं असली की आवाज घुमत नाही, पुस्तकं पिऊन टाकतात. पंचवीस माणसांना माइक कशाला? माइक लावला की साध्या माणसाचाही वक्ता होतो.

घरून विचारणा होते, मग करता कशाला. वाचन झालं की पुढचे पंधरा दिवस लोक येतात आणि पुस्तकाचं नाव न सांगता मागतात. "ते विहिरीचं", "ते मामा दारू सोडतो ते". मी बिलबुकाच्या मागे लिहून ठेवतो. पातेलेवाली, ती गाइडवाली बाई तुमच्या त्या दुकानात परत आली असणार, विचारा मालकांना.

गुडघे आणि कान

वय वर्षं ७६. दुकानदारसाहेब, पुस्तकं आवाज पितात हे शंभर टक्के खरं. माझ्या वाटचाही पितात.

मोठ्या शहरातलं, नाव काढण्यासारखं दुकान. कार्यक्रम पोटमाळ्यावर. वर जायला गोल लोखंडी जिना, सतरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. चढलो. वर खुर्च्या नाहीत, "भारतीय बैठक आहे काका, मस्त वातावरण". मस्त वातावरणात सतरंजीवर मी एकदा बसलो की मला उठवायला दोघं लागतात. माइक नाही. लेखक मान खाली घालून वहीत वाचतायत, म्हणजे आवाज त्यांच्या मांडीला ऐकू येतोय. डोक्यावर एसीची घरघर.

मग प्रश्नोत्तरं. ती मात्र व्यवस्थित ऐकू आली, कारण पुढच्या गृहस्थांचा आवाज खणखणीत होता. "प्रश्न असा नाही, थोडं मनोगत आहे." स्वतःची बदलीची गावं, सासरेबुवांचा ग्रंथसंग्रह, मराठीचं भवितव्य. लेखक मान डोलावत राहिले. घड्याळ लावलं होतं मी, चौदा मिनिटं.

तरीही पुस्तक घेतलं. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं, संध्याकाळी काय वाचलं गेलं असेल. चांगलं होतं हो.

खोडरबर

लिहिणारी आहे, दोन संग्रह झालेत. माझ्या पहिल्या दुकान-वाचनाला चार माणसं होती. त्यातला एक नवरा, दोन दुकानात कामाला. चौथे आजोबा बाहेर बस येईपर्यंत बसले होते. बस आली, गेले.

पण एक गोष्ट झाली. छापलेलं पुस्तक मोठ्याने वाचताना एका वाक्याला माझा श्वास संपला. घरी मनात वाचताना ते वाक्य किती आवडायचं मला! तीन 'आणि', दोन 'जणू'. तोंडातून बाहेर पडताना लाकडाची मोळी ओढतोय असं झालं. दुकानातल्या मुलाने, तो रॅक पुसत होता, वर पाहिलं. नुसतं पाहिलं. मी तिथेच पेन्सिल मागितली आणि ओळ अर्धी केली. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ती तशीच अर्धी छापली.

संपादकांना हे सांगितलेलं नाही.

कर्जत लोकल

खरं सांगतो, मी साहित्यासाठी जात नव्हतो. ऑफिस फोर्टात. सहाच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही, आठनंतर निदान उभं तरी राहता येतं. मधले दोन तास कुठे काढायचे? पूर्वी स्ट्रँड हे पुस्तकांचं दुकान होतं, ते २०१८ च्या फेब्रुवारीत बंद झालं. मग किताबखाना. फ्लोरा फाउंटनजवळ, जुनी इमारत, उंच खांब, लाकूडकाम, आणि कुणी 'काय हवंय' विचारत अंगावर येत नाही. वाचन असलं की आयतीच खुर्ची मिळायची. दोन वर्षांत मी मासेमारीवर, फाळणीवर, मुलांच्या झोपेवर आणि एकदा इटालियन स्वयंपाकावर लेखकांना ऐकलं. विषय निवडून गेलो असतो तर यातलं एकही ऐकलं नसतं.

२०२० च्या नोव्हेंबरात तिथे आग लागली. काही जळलं, काही बंबाच्या पाण्याने भिजलं. तेव्हा आम्ही घरूनच काम करत होतो, बातमी मोबाइलवर पाहिली. पहिला विचार आला तो पुस्तकांचा नव्हता, मी बसायचो त्या खुर्चीचा होता. २०२१ च्या मार्चमध्ये दुकान परत उघडलं, आणि मी ऑफिस सुरू नसताना मुद्दाम गेलो. कर्जतहून. रिकाम्या गाडीतून.

बर्फातली

अमेरिकेतल्या आयोवा सिटीतून. गाव पाऊण लाख वस्तीचं, पण १९७८ पासून इथे प्रेअरी लाइट्स नावाचं स्वतंत्र दुकान आहे, आणि वाचनं भरपूर होतात. फुकट. विद्यापीठात लेखन शिकवतात म्हणून लेखकांची ये-जा. १९७५ मध्ये आपले दिलीप चित्रे इथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात आले होते. गावाला २००८ मध्ये युनेस्कोने साहित्यनगरी ठरवलं, त्याच्या कितीतरी आधी.

फेब्रुवारी, उणे चौदा. बुटांचा बर्फ पायपुसण्यावर झटकून वर गेले. सूत्रसंचालिकेने तीन वाक्यांत ओळख करून दिली, हार नाही, बुके नाही. लेखिकेने पंचवीस मिनिटं वाचलं, लोकांनी एकेका वाक्यात प्रश्न विचारले. गुडघेकाका, मनोगत इथे नसतं. कधीकधी मला त्याची आठवणही येते.

सहीसाठी रांग. माझ्या नावात 'ळ' आहे. इथे सगळे त्याचा 'ल' करून मोकळे होतात, मीही करू देते. लेखिकेने पेन थांबवलं, म्हणाल्या, पुन्हा म्हणा. मी म्हटलं. त्यांनी म्हणून पाहिलं, चुकलं. जीभ मागे वळवायची, असं मी करून दाखवलं. मागे आठ-दहा माणसं उभी. तिसऱ्यांदा जवळजवळ आलं. मग त्यांनी नाव रोमनमध्ये लिहिलं आणि त्या अक्षराखाली टिंब दिलं.

पुस्तक फार आवडलं नाही. ठेवलंय मात्र.

बार्देशची

छोटंसं. कळंगुटला लिटराटी आहे, जुन्या घरातलं पुस्तकाचं दुकान. मी गेले होते त्या दिवशी अंगणात कार्यक्रम, खुर्च्यांखाली डासांच्या कॉइल. वाचन इंग्रजीतून, विषय गोव्यातलीच एक जुनी शेती. प्रश्न आला कोंकणीतून, उत्तर गेलं कोंकणीतून, मग मानशीच्या दुरुस्तीवरून दोन म्हाताऱ्यांची आपसात जुंपली. लेखक ऐकत बसले. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना कुणी भाषांतर करून दिलं नाही. कोंकणी समजते पण मराठीच वाचते, अशा माझ्यासारखीला फार मजा आली.

(मानस म्हणजे खाजणाच्या बांधातलं पाण्याचं दार. भरती आत येऊ द्यायची की नाही, ते ठरवणारं.)

पान ४१

पुणे, एफवाय. कबूल करते. एका दुकानात कवितावाचन होतं, नंतर आम्हालाही दोन-दोन कविता वाचू दिल्या. मी पहिल्यांदाच लोकांसमोर वाचलं. कागद इतका थरथरत होता की शेवटी शेजारच्या काकूंनी एका बाजूने धरला. माझी आजीवरची कविता त्या काकूंनी आणि मी मिळून वाचली असंच म्हणा.

पाहुण्या कवयित्रीचा संग्रह ४५० चा. माझ्याकडे शंभर आणि बसचे सुटे. पान ४१ वरची कविता मला हवीच होती. रॅकच्या आड उभी राहून फोटो काढला. दुकानातल्या ताईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "फोटो हलला असेल, लाइट कमी आहे तिथे." आणि हातातलं पुस्तक उघडून पान ४१ माझ्यासमोर उजेडात धरलं.

मी फोटो काढला नाही. लाजच वाटली. तिथेच उभ्याने वहीत उतरवून घेतली.

गल्ल्यावरचा

फोटोला माझी हरकत असते, वहीला नाही. उतरवून घेणारा परत येतो. पुस्तक घेतलंत का पुढे?

पान ४१

हो, दिवाळीत. दुसऱ्या दुकानातून, ऑनलाइन नाही. त्या दुकानात जायचा धीर होत नव्हता.

गल्ल्यावरचा

जा. त्या ओळखणार नाहीत, आणि ओळखलंच तर चहा देतील.

गुडघेकाका, तुमचं वाचून माइकचा नियम दोन दिवस डोक्यात फिरत होता. एक छोटा स्पीकर मागवलाय, डब्याएवढा, वक्ता होण्याइतका मोठा नाही. येत्या शनिवारी साडेसहाला वाचन आहे. आमच्याकडे पोटमाळा आहे, पण तिथे दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे. खुर्च्या तळमजल्यावरच, पुढच्या दोन हाताच्या.

गुडघे आणि कान

आता तरी गाव सांगा.