रदीफला अंत्ययमक म्हणायचं का?

रानवारा: एका मुशायऱ्याच्या रेकॉर्डिंगला मराठी सबटायटल्स करतोय. शायर मधे मधे काफिया (शेराच्या शेवटाकडे जुळणारे शब्द, दाटला-वाटला असे) आणि रदीफ (त्यामागून जसाच्या तसा परत येणारा शब्द) यावर बोलतात. मी काफियाला यमक आणि रदीफला अंत्ययमक लिहिलं, सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी'त हेच शब्द दिलेत आणि आपल्याकडे गझल लिहिणारे तेच वापरतात. एडिटरने खोडलं. म्हणे अंत्ययमक म्हणजे ओळीच्या शेवटी जुळणारा उच्चार, आणि रदीफमधे जुळत काहीच नाही, तोच शब्द जसाच्या तसा परत येतो. कोण बरोबर? फाईल शुक्रवारी द्यायचीये.

खडूफळा: एडिटर बरोबर. शाळेतली व्याख्या आठवा, चरणात ठरावीक ठिकाणी एक किंवा अनेक अक्षरं वेगळ्या अर्थाने आली तर यमक. मी वर्गात 'वेगळ्या अर्थाने' या दोन शब्दांवर मुलांना थांबवते, कारण ते सगळेच विसरतात. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा, मुळारंभ आरंभ तो निर्गुणाचा', इथे गुणांचा आणि निर्गुणाचा, आवाज जवळजवळ तोच पण अर्थ पार उलटा. रदीफ 'होता होता होता' असा येतो, अर्थही तोच. त्याला कुठलंच यमक म्हणता येणार नाही.

टीकाकार: मग काफियालाही नाही म्हणता येणार ताई. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात, म्हणजे संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात, यमक म्हणजे स्वरव्यंजनांचा अख्खा समूह त्याच क्रमाने परत यायला हवा, दोन्हीकडे अर्थ असेल तर तो निराळा हवा, आणि ओळीच्या शेवटीच यावा असं बंधन नाही. वामनपंडितांना 'यमक्या वामन' म्हणायचे ते असल्या यमकांसाठी. दाटला-वाटला याला विश्वनाथ अंत्यानुप्रास म्हणेल. रदीफला काही म्हणायचंच असेल तर लाटानुप्रास जवळचा, तिथे शब्द तोच, अर्थ तोच, फक्त रोख बदलतो. चांगल्या गझलेत रदीफ नेमकं हेच करतो ना, प्रत्येक शेरात 'होता' चा रोख वेगळा लागतो.

वैदर्भी: लाटानुप्रास सबटायटलमधे?? दोन सेकंदात वाचायचं असतं हो ते. मी अमरावतीची, इथे गझलेच्या बैठकीत कोणीही यमक-अंत्ययमक म्हणतं आणि सगळ्यांना कळतं, अंत्ययमक म्हणजे यमकाच्या मागून अगदी शेवटी येणारं, बस. अरबीत रदीफ म्हणजे एकाच घोड्यावर स्वाराच्या मागे बसलेला, म्हणजे आपला डबलसीट. काफिया गाडी चालवतो, रदीफ मागे. ज्या शब्दाने लोक पन्नास वर्षं गझल शिकले तो कोशात बसत नाही म्हणून खोडायचा हे मला पटत नाही.

टीकाकार: पन्नास वर्षं चुकीचं चाललं म्हणून बरोबर होत नाही. नाहीतर मूळ शब्दच ठेवा, रदीफ.

वैदर्भी: आता फारसी-अरबी चालेल का? माधव जूलियनांचं बघा, फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवली, 'गज्जलांजलि' लिहिलं आणि त्याच माणसाने मराठीतले परके शब्द टाळा सांगणारं 'भाषाशुद्धि-विवेक' पण लिहिलं. दोन्हीवर मनापासून प्रेम होतं त्यांचं. शुद्धी पाहिजे म्हणून वृत्ती आखडायची गरज नसते.

खडूफळा: माधवरावांनी 'छंदोरचना' या ग्रंथात एकेका वृत्ताचा किती काटेकोर हिशोब मांडलाय तेही सांगा की मग. कष्टाने घडवलेल्या संज्ञा आपण ढिल्या वापरतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

जात्याची_नात: मला 'अंत्य' वरच शंका आहे. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया'. सहा, सहा, सहा, चार अक्षरं. यमक विटेवरी-कटावरी, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात, आणि शेवटचं 'ठेवोनिया' मोकळंच सुटलंय. मोठ्या अभंगात, आपल्या सगळ्यात आवडत्या छंदात, यमक शेवटी नाहीच! आजी जात्यावर म्हणायची, 'पहिली माझी ओवी, पहिला माझा नेम, तुळशीखाली राम पोथी वाचे', त्यातही तसंच, नेम आणि राम दुसऱ्या-तिसऱ्यात.

टीकाकार: नेम-राम हे यमक नाही. नुसता म जुळतो, आधीचा स्वर ए आणि आ. गझलेत तर अलामत, म्हणजे काफियातला न बदलणारा स्वर, चुकली म्हणून लगेच बाद.

जात्याची_नात: कोणाच्या नियमाने बाद? ज्या बायकांनी पहाटे दळताना हजारो ओव्या रचल्या त्यांच्या कानाला ते जुळत होतं. यमक म्हणजे जुळं ना, मग जुळी भावंडं काय डिट्टो सारखीच असतात का. मला तर वाटतं 'यमक जुळणं' यातलं जुळणं त्या जुळ्यावरूनच आलं असेल.

टीकाकार: यम म्हणजे जुळा हे बरोबर, यम-यमी. पण क्रियापद त्यावरून आलं याला काही आधार नाही.

रानवारा: मंडळी, माझं सबटायटल? नुसतं 'रदीफ' ठेवू की 'अंत्ययमक'?

खडूफळा: @नात, अक्षरं मोजली का तुम्ही? प-हि-ली-मा-झी-ओ-वी सात होतात. सात सात सात चार. ज्ञानेश्वरांची ओवी ग्रंथातली, ती वेगळी, 'आद्या, प्रतिपाद्या, स्वसंवेद्या' असं तिन्ही चरणांत यमक आणि 'आत्मरूपा' मोकळं. आजींची कंठस्थ ओवी, ती गळ्यावर चालते.

जात्याची_नात: मोजली नव्हती! आणि आजी 'ओवी गं' म्हणायची, म्हणजे आठ. जात्याच्या फेऱ्यात ते बसायचंच, एक अक्षर कमी पडलं की हेल लांबवायची, जास्त झालं की गिळायची.

वैदर्भी: आमच्याकडे 'पयली माझी ओवी' म्हणतात, 'पय' हे 'पै' सारखं एकच अक्षर होतं, म्हणजे बरोबर सहा.

खडूफळा: अरे हो, पय-ली! मग पुढचं 'पयला माझा नेम' पण सहाच. तुळशीखालीचं काय करतात तिकडे, तुळस म्हणतात की तुयस?