लग्न न झालेले आईवडील आणि मुलाचा ताबा : पुण्यातल्या जाणकारांसाठी अनुभव धागा

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात हे काम नेहमी करणाऱ्यांनी इथे लिहावं. कोणाची कहाणी नको, नावगाव तर नकोच. अर्ज कुठे अडतो, कागद कोणते लागतात, कोर्ट काय बघतं, तेवढं सांगा.

कलमकसाई
हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६(ब) प्रमाणे अशा मुलाची पहिली नैसर्गिक पालक आई, तिच्यानंतर वडील. लग्नाच्या मुलांत क्रम उलटा. त्यामुळे घटस्फोटाच्या फाइलमधला जुना अर्ज काढून फक्त नावं बदलली की वडिलांच्या बाजूवर लगेच हरकत येते. पालक व पाल्य अधिनियम, १८९० चं कलम २५ पालकाच्या हातून गेलेलं मूल परत मागण्यासाठी आहे. तुम्ही मुळात पालक आहात का, हा प्रश्न त्याच्या आधीचा. म्हणून कलम ७ ची मागणीही (मला पालक नेमा किंवा जाहीर करा) त्याच अर्जात घाला. तरी आई हयात आणि योग्य असेल तर त्याच कायद्याचं कलम १९(ब) आडवं येतंच : योग्य पालक हयात असताना कोर्ट दुसरा नेमत नाही. अशा वेळी वडिलांच्या हाती खरोखर पडतं ते भेटींच्या मागणीतून, आणि तीच मागणी बहुतेक अर्जांत शेवटी दोन ओळींत उरकलेली असते.

आईच्या बाजूनेही गाफील राहू नये. १९५६ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये मुलाचं हित सर्वोच्च आहे, ६(ब) त्याच्या खाली.

पेठेतली
दादा, त्याआधी हद्द. अर्ज चालतो तो मूल ‘सामान्यतः’ जिथे राहतं तिथे (१८९० च्या कायद्याचं कलम ९). वाद पेटला की मुलाला लातूरला आजीकडे पाठवायचं आणि तिथे अर्ज टाकायचा, हा डाव जुना आहे. पुण्यात वाकडला चार वर्षं राहिलेलं मूल पंधरा दिवसांत लातूरचं होत नाही, पण ते कागदावर दिसलं पाहिजे. शाळेचा बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड, मुलाच्या डॉक्टरांची फाइल, भाडेकरार. आधार कार्डावर विसंबू नका, पत्ता सहज बदलता येतो.

ऑर्डरली
पितृत्वाबद्दल. दोघांनाही मान्य असेल तर डीएनएचा अर्ज करूच नका, निष्कारण तारखा जातात. नाकारलं असेल तरी चाचणी आपोआप मिळत नाही. आधी काहीतरी ठोस दाखवावं लागतं. आणि एक मोठा खड्डा : आईचं आधीचं लग्न कागदोपत्री चालू असताना मूल झालं असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मुळे कायदा तिच्या नवऱ्यालाच बाप धरतो. लग्न मोडल्यावर २८० दिवसांच्या आत जन्म झाला आणि तिने दरम्यान पुन्हा लग्न केलं नसेल, तरीही तेच. हे पक्षकार स्वतःहून सांगत नाहीत. विचारावं लागतं.

कलमकसाई
बरोबर. याच्या उलट, वडिलांचं पहिलं लग्न चालू असताना या दोघांनी विधिवत लग्न केलं असेल, तर ते लग्न रद्दबातल, पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे मूल औरस. मग ६(ब) लागू करता येत नाही. अर्जात ‘लिव्ह-इन’ लिहिण्याआधी हे तपासा.

समुपदेशन कक्ष
पगार कोणाचा जास्त, यावर ताबा ठरत नाही. मूल कमी कमावणाऱ्याकडे असेल तर दुसऱ्याकडून मुलासाठी पोटगी घेता येते. कोर्ट बघतं ती रोजची व्यवस्था : शाळेतून कोण आणतं, पालक कामावर असताना मूल कोणाजवळ असतं, ताप आला की सुट्टी कोण घेतं. ‘माझे आईवडील बघतील’ असं लिहिलं तर त्यांची वयं आणि प्रकृती विचारली जाणार. आईवडील बिनलग्नाचे राहिले, एवढ्यावरून कोणी वाईट पालक ठरत नाही. तरी चारित्र्यावर पानंच्या पानं खर्ची पडतात, आणि मुलाच्या दिनक्रमाला एक परिच्छेद.

पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे. समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश चेंबरमध्ये एकट्याशी बोलतात. पढवलेलं मूल लगेच कळतं : आठ वर्षांचा मुलगा ‘मानसिक छळ’ म्हणाला की शब्द कोणाचा ते उघड असतं.

पेठेतली
भेटींचा आदेश मोघम घेऊ नका. ‘वाजवी भेटी’ लिहिलं की दर शनिवारी भांडण. वार, वेळ, मूल कुठे द्यायचं आणि घ्यायचं, गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, परीक्षेच्या आठवड्यात काय, चुकलेली भेट कधी भरून द्यायची, सगळं लिहून घ्या. रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा संपर्क हवाच म्हटलंय. सुरुवातीच्या भेटी कोर्टाच्या आवारात झाल्या तर अपमान मानू नका. त्या सुरळीत झाल्याची नोंद पुढे रात्रीच्या मुक्कामाची परवानगी मागताना कामी येते.

ऑर्डरली
पोटगीबद्दल थोडं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (नवा फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम १४४ खाली अनौरस मुलालाही ती मिळते. तिथे ‘मूल माझं नाही’ म्हणून लेखी देणारे गृहस्थ नंतर ताब्याच्या अर्जात ‘मी जन्मदाता’ लिहितात. दुसऱ्या बाजूचा वकील ती प्रत जोडतोच. आणि पोटगी थकली म्हणून भेट अडवायची नाही, भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवायची नाही.

मीनलताई
एकटीने पालकत्वाचा अर्ज करायचा तर वडिलांचं नाव द्यावंच लागतं का?

कलमकसाई
नाही, ताई. २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अविवाहित आईने वडिलांचं नाव उघड करण्याची किंवा त्यांना नोटीस देण्याची सक्ती नाही. तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखलाही मिळतो. फक्त असा आदेश कायमचा पक्का नसतो. मुलाचं हित धोक्यात आहे असं दाखवून कोणीही खरी काळजी असणारी व्यक्ती पुढे कोर्टात येऊ शकते. आणि अंतिम आदेशावरचं अपील ३० दिवसांत, तेही मुंबईला उच्च न्यायालयात. त्याच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये पुणे जिल्हा येत नाही.