अनुभव धागा: शेजारच्या वाट्या आणि ऑफिसातली नासाडी

नायगावची लेक
आईच्या खोलीची आवराआवर चाललीय. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली. पुनर्विकासात ५०० फुटांचं घर मिळणार, तोवर भाड्याच्या जागेत. माळ्यावरची भांडी काढताना एक स्टीलची वाटी हाती आली. बुडाशी टिंबाटिंबांनी घातलेलं नाव शेजारच्या काकूंच्या सासूबाईंचं. आमच्याकडे कधी राहिली कुणाला ठाऊक. आई म्हणाली, "असू दे, आपल्या दोन तरी त्यांच्याकडे असतील." आमच्या मजल्यावर वाटी रिकामी परत जायची नाही. विरजण आणलं तर जाताना दोन करंज्या, लोणच्याची फोड, आणि महिनाअखेर असेल तर चिमूटभर साखर.

त्याच आठवड्यात ऑफिसात जेवण होतं. निम्मी माणसं घरून काम करत होती, पण ऑर्डर सगळ्या पटाची. चार वाजता केटररची मुलं पुलाव, पनीर, गुलाबजाम एकाच काळ्या पिशवीत ओतत होती. सफाईच्या मावशींनी डबा पुढे केला तर त्यांना सांगितलं, पॉलिसीत बसत नाही. फार वाईट वाटलं. तुमचेही अनुभव लिहा, शेजाऱ्यांचे आणि असल्या उधळपट्टीचे.

कलिनाकर
२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस आणि कुलाब्याला फक्त ७३, त्यामुळे फोर्टातल्या बाबांना दुपारपर्यंत काही पत्ताच नाही. आम्ही तळमजल्यावर. पाणी मीटरच्या पेटीला लागायच्या आत वरच्या आंटी स्वतः खाली आल्या आणि आजीला हाताला धरून घेऊन गेल्या. आजी शाकाहारी, सोवळ्याची. आंटींनी न विचारता कपाटातलं कोरं पातेलं काढलं, लेबल नखाने खरवडलं आणि त्यात वरणभात लावला. घरातल्या आल्तारासमोर, म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती देव्हाऱ्यासमोर, गादी घालून आजीला निजवलं. बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुळांवरून चालत आले. ते पातेलं आंटींनी पुढे आजीसाठीच बाजूला ठेवलं होतं, दुसरं काही शिजवलं नाही त्यात.

दोन मुलांची आई
कलिनाकर, डोळे भरून आले हो. कुकरची शिट्टी झाली, नंतर सविस्तर लिहिते.

हिंजवडी फेज २
नासाडीवर लिहितो. आमच्याकडे एसी बाराही महिने १८ वर. मुली शाली घेऊन बसतात, माझ्या खुर्चीला स्वेटर कायमचा टांगलेला. तापमान एक अंश वाढवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं, २०२० पासून नवे घरगुती एसी मुळातच २४ वर लावून येतात. मी ईमेल केला. उत्तर आलं, सेटिंग बिल्डिंगवाल्यांच्या हातात आहे.

परदेशी क्लायंट यायचा होता तेव्हा लॉबीत ऑर्किडची कमान, प्रत्येक खुर्चीवर कोरी डायरी, धातूची बाटली, बॅग. पाहुणे तासाभरात गेले. त्याच महिन्यात रात्रपाळीच्या वॉचमनचा चहा खर्च कमी करायचा म्हणून बंद केला. याचा राग माझ्या मनातून जात नाही. आता आम्ही काही जण आळीपाळीने थर्मास आणतो.

कोथरूडची आजी
आमच्याकडे कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई येतात कचरा न्यायला. दिवाळीनंतर सुनेच्या ऑफिसातून आलेला भेटीचा खोका दिला, म्हटलं पुठ्ठा जाड आहे, बरे पैसे येतील. त्यांनी मला तो उकलून दाखवला. वर प्लॅस्टिकचा पापुद्रा, झाकणात लोहचुंबक, आत स्पंज आणि सॅटिन. म्हणाल्या, "आजी, हे सोडवायला अर्धा तास, आणि भंगारवाला तरी घेत नाही." आत होते काय, तर मूठभर बदाम आणि एक मेणबत्ती! त्यापेक्षा साधा पुडा द्यावा ना. या ताईच माझ्या खऱ्या शेजारीण आहेत. मला ताप होता तेव्हा दार उघडलं नाही म्हणून खालच्या मजल्यावर निरोप देऊन गेल्या.

बंगळुरूतला सातारकर
नवीन घरी आलो तेव्हा कुणाशी ओळख नाही. संक्रांतीला समोरच्या अज्जी तीळ, गूळ, सुकं खोबरं, शेंगदाणे आणि उसाचा तुकडा घेऊन दारात. इकडे त्याला एळ्ळु बेल्ल म्हणतात, खाऊन चांगलं बोला म्हणायचं. बायकोने लगेच आपले तिळाचे लाडू दिले. अज्जींना मराठी येत नाही, आमचं कन्नड भाजीवाल्यापुरतं. तरी आता आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते.

ठाणे पश्चिम
किल्ली!! आमच्या टॉवरमध्ये पार्सलसुद्धा शेजारी घेत नाहीत, गेटवर ठेवा म्हणतात. हेवा वाटला.

दोन मुलांची आई
आले परत. ठाणे पश्चिम, तुम्ही सुरुवात करून बघा. मी श्रावणात नारळीभाताचा डबा घेऊन तिन्ही दारं वाजवली होती. एका दारातून डबा धुऊन तसाच आला, एकीने फ्रुट केक दिला, तिसरी आता माझ्या धाकट्याला रोज बसथांब्यावरून आणते.

नायगावची लेक, जेवणाचं सांगते. आमच्या ऑफिसात हेच व्हायचं. आता आदल्या दिवशी दुपारपर्यंत नाव नोंदवायचं, तेवढ्यांचंच जेवण. उरलेलं ट्रेमध्ये, कुणाचा हात लागायच्या आत वेगळं काढायचं आणि मावशी, ड्रायव्हर, वॉचमन यांना आधी विचारायचं. भात आणि पनीर तासन्‌तास बाहेर ठेवायचं नाही, एवढं मात्र बघा. लेखी मागा, तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

नायगावची लेक
लेखीच देते सोमवारी. मावशींचंही नाव यादीत घाला असं त्यात लिहिते.

कोथरूडची आजी
त्या वाटीवर नाव टिंबांचं म्हणजे हाताने ठोकून घातलेलं असणार. आता मशीन फिरवतात, अक्षर बारीक येतं आणि घासून घासून जातं. लग्नात आलेल्या माझ्या पितळी डब्यांवर तारीखसुद्धा आहे. त्यांना कल्हई करायची आहे, पूर्वी दारावर यायचा कल्हईवाला.

हिंजवडी फेज २
आजी, कसब्यात तांबट आळीत विचारा. तांब्या-पितळेचं काम तिथे अजून चालतं.

कोथरूडची आजी
गुडघ्यामुळे तिकडे जाणं जमत नाही रे. कुणी त्या बाजूला जाणार असेल तर कळवा, डबे पिशवीत भरून ठेवते.

हिंजवडी फेज २
शनिवारी जाणार आहे कसब्यात, मामाकडे. पत्ता खाजगीत पाठवा, येताना घेतो डबे.