मॉर्टालिटी मीटिंगमध्ये नक्की कुणाला तपासतो आपण?

धागा (आयसीयू सिस्टर):
आमच्याकडे दर महिन्याला मॉर्टालिटी मीटिंग होते, म्हणजे दगावलेल्या पेशंटच्या केसेसवर डॉक्टरांची चर्चा. मागच्या वर्षीची केस: सेप्सिसचा (जंतुसंसर्गानं अवयव बिघडू लागलेला) पेशंट, अँटिबायोटिक रात्री अकराला लिहिलं, पहिला डोस गेला अडीचला. मीटिंगमध्ये ज्युनियर रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला) उभं केलं, तो 'सॉरी सर' म्हणाला, पुढची केस सुरू. इंजेक्शन रात्रीच्या स्टॉकमध्ये नव्हतं, हे कुणी विचारलंच नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तोच उशीर! नावं झाकून बाहेरच्या डॉक्टरांनी केसपेपर तपासावेत. आणि मागच्या वेळी ठरलेलं झालं का, हे मीटिंगच्या सुरुवातीलाच वाचावं.

प्रतिसाद (सर्जन):
सिस्टर, शेवटचं पटलं. बाकीचं नाही. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं आम्हाला ग्राहक कायद्याखाली आणलं. 'माझं चुकलं' असं लिहून दिलं की उद्या तोच कागद वकिलाच्या हातात. आणि बाहेरचा डॉक्टर म्हणजे पुष्कळदा गावातला स्पर्धकच. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या अस्टोरियाचे सर्जन टिमथी पॅट्रिक स्थानिक क्लिनिकमध्ये भागीदार झाले नाहीत, तर तिथल्याच डॉक्टरांनी त्यांच्या केसेस तपासण्याच्या नावाखाली त्यांना हॉस्पिटलबाहेर काढायचा घाट घातला. १९८८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, पण मधली वर्षं गेलीच ना.

प्रतिसाद (स्त्रीरोगतज्ज्ञ):
सर, भीती खरी आहे, पण त्यावर वाट निघते. केरळात २००४ पासून स्त्रीरोगतज्ज्ञांची राज्य संघटना मातामृत्यूंचे केसपेपर तपासते. पेशंट, डॉक्टर, हॉस्पिटल, सगळ्यांची ओळख आधी काढून टाकतात. शिक्षा कुणालाच नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मोठं कारण पुढे आलं, मग लेबर रूममध्ये काय करायचं ते ठरवून शिकवलं गेलं.

प्रतिसाद (पेशंटचा मुलगा):
माझी आई अशीच गेली. मीटिंग झाली एवढंच कळलं, आत काय ठरलं ते नाही. मला कुणाचं नाव नको. कुठे उशीर झाला आणि आता काय बदललं, एवढं तरी आम्हाला सांगा. तेही गोपनीय का?

प्रतिसाद (सर्जन):
दादा, तुमचं म्हणणं मान्य. बदल सांगायलाच हवा. पण पन्नास खाटांच्या हॉस्पिटलमध्ये नाव झाकलं तरी अक्षरावरून डॉक्टर ओळखू येतो.

धागाकर्ती:
म्हणून तर बाहेरचा म्हणाले, सर. गावातला नको. दुसऱ्या जिल्ह्यातला द्या, आणि केसपेपर टाइप करून पाठवा. टायपिंग आम्ही सिस्टर करू.