मदत हवी आहे: सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या व्यायामासाठी हालचालींचे व्हिडिओ गेम, काय घ्यावं?

दोंडाईचाकर
मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालीवर होणारा परिणाम), स्पास्टिक डायप्लेजिया म्हणजे मुख्यतः पायांचे स्नायू ताठर, जीएमएफसीएस (हालचालीच्या क्षमतेची मोजपट्टी) लेव्हल २. घरात-अंगणात आधाराशिवाय चालतो, जिन्याला कठडा लागतो, पळणं आणि उड्या जमत नाहीत. दोन्ही पाय ताठर, उजवा जास्त. उजवी टाच टेकत नाही, चवड्यावर चालतो. बाहेर जाताना घोट्याला आधार देणारं स्प्लिंट घालतो. फिट कधी आलेली नाही.

फिजिओथेरपी धुळ्याला. एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, त्याची शाळा बुडते, ह्यांना दुकान बंद ठेवावं लागतं. त्यामुळे मॅडमकडे अधूनमधूनच जाणं होतं, बाकी सगळं घरी. आणि घरचा व्यायाम म्हणजे रोजची झटापट. पोटरी ताणायला घेतली की याला तहान लागते, मग शू लागते, मग आजीच्या खाटेकडे मोर्चा. सासूबाई लगेच, "ऱ्हाऊ दे व माय, पोऱ्या थकी गया."

दिवाळीत पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. तिच्या मुलांनी माळ्यावरून जुना निन्टेन्डो वी काढला, टीव्हीला जोडून हालचालीने खेळायचं गेमचं मशीन. त्याच्यासोबत वजनकाट्यासारखी एक पाटी असते, बॅलन्स बोर्ड. तिच्यावर उभं राहून ज्या बाजूला भार द्याल तिकडे पडद्यावरचं टेबल कलतं आणि गोट्या भोकात पाडायच्या. उजव्या कोपऱ्यात गोटी न्यायची तर उजव्या पायावर भार द्यावाच लागतो. आधी त्याने कमरेतून नुसतं वाकून पाहिलं. गोटी हलली, पण भोकाच्या अलीकडे अडली. मग खालचा ओठ चावत उजवा गुडघा सरळ केला आणि ती टाच, जी टेकवायला सांगून आमचा घसा सुकतो, पाटीला लागली. जेमतेम लागली, पण लागली. गोटी पडल्यावर जो ओरडला! त्यानंतर जेवायला बोलावलं तरी खाली उतरेना.

मॅडम म्हणतात, चालेल, पण व्यायामाच्या जोडीला; ताणणं आणि स्प्लिंट सोडायचं नाही. मी जे वाचलं त्यातही साधारण हेच आहे. बरेच अभ्यास लहान गटांचे, चालू शकणाऱ्या मुलांचे. तोलात सुधारणा दिसते, चालण्यात किती फरक पडतो यावर एकवाक्यता नाही. एका ठिकाणी मात्र आम्हाला 'व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) थेरपी'चं पॅकेज सांगितलं, पैसे आगाऊ, आणि वर्षाच्या आत पोरगा पळेल अशी खात्री! मुलाची फाइल उघडूनही न बघता. आम्ही उठून आलो.

तर काय घ्यावं? वी जुनाच मिळतो, किनेक्टही (एक्सबॉक्सचा, अंगाची हालचाल टिपणारा कॅमेरा) जुनाच. निन्टेन्डोचंच नंतरचं मशीन, स्विच, भारतात अधिकृतपणे विकत नाहीत, आणि त्याची किंमत ऐकून नाकापेक्षा मोती जड वाटतं. खोली दहा बाय बारा, त्यात खाट आणि कपाट. उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नाही. खर्च दहा हजारांच्या आत बसायला हवा. आणि मुख्य म्हणजे, तो बरोबर हालचाल करतोय की नुसता गेम जिंकतोय हे मला घरी कसं कळणार?

भुसावळचा बाप
ताई, शेवटचा प्रश्न लाखमोलाचा आहे. माझ्या मुलीला डाव्या बाजूचा हेमिप्लेजिया, म्हणजे डावा हात-पाय कमजोर. वीवर टेनिस आणलं, आम्ही खूश. चार दिवसांत बाईसाहेबांना कळलं की अख्खा हात फिरवायची गरजच नाही, मनगट झटकलं तरी चेंडू जातो. सोफ्यावर बसून मला हरवायला लागली.

मग किनेक्ट घेतला. त्यात हातात काही धरावं लागत नाही, कॅमेरा अंग बघतो, म्हणून लबाडी कमी. पण एकट्याला सुद्धा सेन्सरपासून सहा फूट मागे उभं राहावं लागतं, तुमच्या खोलीत खाट हलवावी लागेल. दुसरं, मी तिला धरायला मागे उभा राहिलो की पडद्यावरच्या बाहुलीला मध्येच माझा हात फुटायचा. तुमच्या मुलाला मागून धरायची गरज असेल तर हे त्रासाचं आहे. आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं की सेन्सर गांगरतो, तो इन्फ्रारेडवर चालतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये पडदा लावूनच खेळावं लागतं. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तो बनवणं बंद केलं, बिघडला तर संपलं.

नाशिक फिजिओ
मुलांच्या थेरपीत काम करते. मूल न बघता जेवढं सांगता येईल तेवढंच सांगते, बाकी तुमच्या मॅडमना विचारा.

आधी त्यांच्याकडून एकच उद्दिष्ट ठरवून घ्या. तुमच्या वर्णनावरून ते 'उजव्या पायावर भार' असावं. तसं असेल तर तुम्हाला किनेक्ट नको, पाटीच हवी, कारण ती भारच मोजते. स्विचवरचा रिंग फिट हा व्यायामाचा गेमही नको. त्याचा पट्टा डाव्या मांडीला बांधतात, उजव्या पायाचं त्याला काही कळत नाही.

घरी बघायच्या गोष्टी: कमरेतून झुकतोय का, उजवा गुडघा मागे झटकतोय का, खांदे कानाला लागतायत का. गेमला हे दिसत नाही, तो गुण देऊन मोकळा होतो. म्हणून तुम्ही पडद्याकडे नाही, पायाकडे बघायचं. जमिनीवर त्याच्या उजव्या बाजूला बसा. पाटीमागे भिंत, पुढे जड खुर्ची, खाली न सरकणारी चटई. उत्साहात मुठी आवळल्या जातील, पायाची बोटं वळतील. थांबून दोन श्वास घेतल्यावर सैल झाली तर ठीक, नाही झाली तर त्या दिवसापुरतं बंद. पंधरा-वीस मिनिटं पुरे. स्प्लिंट घालून खेळला तर घोटा बांधलेला राहतो, अनवाणी खेळला तर टाच उचलली जाते. दोन्हीपैकी काय, किती वेळ, हे मॅडमच ठरवतील. खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी काढला तेही विचारून घ्या.

आणि वी फिट, म्हणजे पाटीवरच्या त्या गेमच्या डिस्कमधली 'बॉडी टेस्ट' कृपया करू नका. वजन-उंची बघून मुलाला जाड ठरवते, तोल बघून 'वय' सांगते. आठ वर्षांच्या पोराला म्हातारा म्हणून मोकळी होते. तो हिशेब आपल्या मुलांसाठी केलेलाच नाही.

प्रगती गेमच्या गुणांवरून धरू नका. सरावाने गुण वाढतातच. एकाच जागी मोबाइल ठेवून महिन्यातून एकदा जिना चढतानाचा व्हिडिओ काढा आणि मॅडमना दाखवा.

जिभाऊ चाळीसगाव
ताई, दोंडाईचा म्हणजे आमनी सासुरवाडी! इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून लिहितो.

जुना वी घेताना ॲडॅप्टर उलटा करून बघा. अमेरिकेतला असेल तर ११० व्होल्टचा, आपल्या २३० वर लावला की धूर. बाहेर १२ व्होल्ट लागतात, तसा ॲडॅप्टर इथे मिळतो. डिस्क मशीनच्याच भागातली हवी, अमेरिकन मशीनवर युरोपची डिस्क चालत नाही. नवीन टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी वायर लावायला जागा नसेल तर कन्व्हर्टर घ्या. पाटीला चार पेन्सिल सेल लागतात, रिचार्जचे घ्या. वी आणि टीव्ही इन्व्हर्टरवर आरामात चालतात.

पण त्याआधी एक स्वस्तातलं करून बघा. जुना यूएसबी माऊस उघडायचा. डाव्या बटणाखाली छोटा स्विच असतो, त्याच्या ज्या दोन पिना वापरात आहेत त्यांना दोन वायरी झाळायच्या आणि दुसऱ्या टोकाला दारावरच्या बेलचं बटण लावायचं. आता बेल दाबली की क्लिक. एका क्लिकवर उडी मारणारे गेम कॉम्प्युटरवर ढीगभर आहेत. बटण थेट पायाखाली ठेवू नका, फुटेल. वर प्लायची फळी ठेवा आणि चारी कोपऱ्यांना जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे लावा. यूएसबीचे पाच व्होल्ट असतात, शॉकची भीती नाही.

नाशिक फिजिओ
जिभाऊ, हे झकास! फळी उजव्या टाचेखाली येईल अशी ठेवायची. सुरुवात खुर्चीवर बसवून, तळवे जमिनीला पुरतील अशी खुर्ची. गुडघ्यावर हाताने जोर देऊ देऊ नका.

शहादा
फार काही माहिती नाही, पण धुळ्याच्या खेपा वाचून सांगावंसं वाटलं. डीईआयसी (मुलांच्या तपासणी-उपचाराचं सरकारी जिल्हा केंद्र) इथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासणी आणि थेरपी मोफत असते, जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करा. निरामय हा अपंगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा काढला नसेल तर काढा, सेरेब्रल पाल्सी त्यात बसते, वर्षाला एक लाखापर्यंत.

दोंडाईचाकर
सगळ्यांचे आभार. निरामय आहे, डीईआयसीची चौकशी ह्यांना करायला सांगते. किनेक्ट बाद.

आधी माऊसचंच करतो. दुकानात जुने माऊस आणि प्लायचे तुकडे दोन्ही पडलेत. मॅडमकडे जाताना ते सोबत नेते, टाच कशी दाबतो तेही त्या बघतील. जिभाऊ, बेलचं बटण साधं चालेल ना, की ते लाइट लागणारं घ्यावं लागेल?

आणि धुळे, नंदुरबार, शिरपूर भागात कोणाकडे बॅलन्स बोर्ड नुसता पडून असेल तर विकत किंवा महिनाभर वापरायला द्याल का? खोकं नसलं तरी चालेल, डिस्क मात्र हवी.

जिभाऊ चाळीसगाव
साधंच घ्या. लाइटवालं २३० व्होल्टसाठी बनवलेलं असतं, इथे त्याचा घोळ होईल. पाटीचं इकडच्या भंगारवाल्यांकडे विचारून ठेवतो.