प्रतिसाद: दोष फक्त विषाणूचा नाही

एकाच प्रकारचा हिपॅटायटिस सी (यकृताचा विषाणूजन्य आजार), इंटरफेरॉन-रिबाविरिन या जुन्या औषधांचा कोर्सही तोच, तरी एक बरा होतो आणि दुसरा नाही, म्हणजे दुसऱ्याचा विषाणूच चिवट, असं म्हटलं जातं. हे अर्धंच खरं आहे. २००९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने विषाणूच्या जीनोटाइप १ या उपप्रकाराच्या रुग्णांचे जनुकसंच तपासले. एकोणिसाव्या गुणसूत्रावर, आयएल२८बी या जनुकाजवळ, डीएनएच्या एका अक्षराचा फरक सापडला: कुणात 'सी', कुणात 'टी'. तिथे 'सीसी' (आई-वडील दोघांकडून 'सी') असलेल्यांत विषाणू कायमचा जाण्याचं प्रमाण 'टीटी'वाल्यांच्या साधारण दुप्पट! आफ्रिकी वंशाच्या रुग्णांना हे औषध कमी का लागू पडायचं, याचंही साधारण निम्मं उत्तर इथेच मिळालं, कारण त्यांच्यात 'सी' कमी आढळतो.

खरी गंमत २०१३ मध्ये कळली. शेजारीच आयएफएनएल४ नावाचं जनुक निघालं. ते ज्यांच्यात चालू असतं, त्यांच्यातच विषाणू जास्त टिकतो. विषाणूशी लढणाऱ्या इंटरफेरॉन कुळातलंच प्रथिन, आणि घरभेदी निघावं! यकृतात इंटरफेरॉनची यंत्रणा आधीच पेटलेली असली की बाहेरून टोचलेल्या इंटरफेरॉनचा फारसा परिणाम होत नाही, असं स्पष्टीकरण देतात.

मात्र आता ही चाचणी करून घ्यायला धावू नका. सोफोसबुव्हिरसारखी औषधं थेट विषाणूच्या प्रती काढणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतात, त्यामुळे 'सीसी' असो वा 'टीटी', ९० टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. शिवाय भारतात जास्त आढळतो तो जीनोटाइप ३, आणि त्यात या फरकाचा प्रभाव इंटरफेरॉनच्या काळातही कमीच होता.