धागा: उषाबेन मेहतांचा रेडिओ आपण जरा जास्तच मोठा केलाय का?

गिरगाव_चर्चा:
ऑगस्ट आला की तेच निरोप फिरतात. बावीस वर्षांची पोरगी, गुप्त रेडिओ, इंग्रजांची झोप उडाली. चले जाव चळवळीचा हा काँग्रेस रेडिओ २७ ऑगस्ट १९४२ ला सुरू झाला आणि १२ नोव्हेंबरला पकडला गेला. दोन्ही दिवस धरून ७८ होतात, म्हणजे ‘तीन महिने’सुद्धा ओढूनताणून. तेव्हा रेडिओला परवाना लागायचा, सेट मूठभर घरांत, त्यातही शॉर्टवेव्ह (दूरवर जाणाऱ्या आखूड लहरी) पकडणारे आणखी कमी. चाळीत कोण ऐकत होतं? माझं मत सरळ आहे. उषाबेनचं मोठेपण अटकेनंतर सुरू होतं. सहा महिने चौकशी, एकांतवास, परदेशी शिक्षणाचं आमिष, तरी तोंडातून एक नाव नाही. खटल्यात त्यांनी आधी न्यायाधीशांनाच विचारलं की उत्तर देणं बंधनकारक आहे का. नाही म्हटल्यावर एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. चार वर्षं सक्तमजुरी, येरवडा. हे सोडून सगळे मायक्रोफोनच्या मागे लागलेत.

शॉर्टवेव्ह_वेडा:
‘कोण ऐकत होतं’ हा प्रश्नच चुकतोय. सेट एका घरी असला तरी ऐकायला मजला जमायचा आणि ऐकलेलं सकाळी पत्रकात उतरायचं. विदर्भातलं आष्टी आणि चिमूर १६ ऑगस्टला पेटलं. चितगाववरचा जपानी बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, हे सगळं सेन्सॉरच्या कात्रीखाली होतं. चिमूरच्या बायकांवरच्या अत्याचारासाठी गांधींचे अनुयायी प्राध्यापक भन्साळी ६३ दिवस उपाशी राहिले, तर त्याच्या बातम्यांवरही बंदी आली. त्या काळात या बातम्या हवेत सोडणारं दुसरं काय होतं मुंबईत?

आता यंत्राचं. काँग्रेस रेडिओची लहर ४२.३४ मीटर, म्हणजे साधारण ७०८० किलोहर्ट्झ, हौशी रेडिओवाल्यांच्या ४० मीटर पट्ट्यात. युद्ध लागल्यावर १९३९ ला हौशी परवाने रद्द झाले आणि सेट जमा करायला सांगितले. ज्याच्याकडे सुटे भाग उरले होते त्याला हाच पट्टा सोपा, कारण कॉइल, कंडेन्सर सगळं त्यालाच जुळवलेलं. अँटेनाला अर्ध्या लहरीची तार धरा: २१.१७ मीटर, त्यातून पाचेक टक्के वजा, म्हणजे वीस मीटर. मध्ये कापून दोन्ही बाजूंना दहा-दहा. गिरगावात वीस मीटर सलग गच्ची शोधून दाखवा! एक टोक पाण्याच्या टाकीला, दुसरं शेजारच्या इमारतीच्या गजाला, आणि खालून बघणाऱ्याला कपडे वाळत घालायची तार वाटली पाहिजे. हे दर थोड्या दिवसांनी नव्या जागी करायचं. तार बदलली, उंची बदलली की ट्यूनिंग बिघडतं. परत जुळवलं नाही तर शक्ती तारेत न जाता व्हॉल्व्ह (यंत्रातल्या काचेच्या नळ्या) तापवते.

फोर्टवाली:
जागा तरी कुठल्या! चौपाटीवरची सी व्ह्यू, वाळकेश्वरचा रतन महाल, लॅबर्नम रोडचा अजित व्हिला, महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला, शेवटी गिरगावातली पारेख वाडी. नकाशावर बोट फिरवून बघा, निम्म्या जागा उषाबेन पुढे जिथे शिकवायच्या त्या विल्सन कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि गांधी मुंबईत उतरायचे ते मणिभवन लॅबर्नम रोडवरच, जिथलं काम उषाबेननी पुढे पाहिलं.

गिरगाव_चर्चा:
@शॉर्टवेव्ह_वेडा, तुम्हीच माझा मुद्दा पुढे नेताय. हे सगळं तंत्रज्ञांचं काम. सामान शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींकडून, पैसा आणि जमवाजमव बाबूभाई खाखरांची, बातम्या आणि दिशा राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन यांची. बाबूभाईंना शिक्षा पाच वर्षं, उषाबेनना चार, चंद्रकांत झवेरींना एक. सर्वांत जास्त शिक्षा झालेल्या माणसाचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

शॉर्टवेव्ह_वेडा:
बाबूभाईंचं नाव विसरलं गेलं हे खरं, त्यावर वाद नाही. पण उषाबेनना नुसती निवेदिका समजणं ही तुमची चूक. ध्वनिमुद्रण एका जागी, प्रक्षेपण दुसऱ्या जागी, अशी रचना होती. एक जागा पकडली तर दुसरी वाचावी म्हणून. मधली ने-आण म्हणजे खरा धोका. तबकडी पिशवीत घालून रस्त्यावरून जायचं, आणि सापडलात तर ‘गाणं आहे’ म्हणून चालत नाही, तुमचाच आवाज त्यात.

दिशाशोधनाचंही सांगतो. पोलिसांकडे गोल तारेचा अँटेना. तो फिरवत राहायचं, ज्या कोनात आवाज सर्वांत बारीक होतो तो कोन टिपायचा. मग दुसऱ्या ठिकाणाहून तेच. दोन रेषा छेदल्या की मोहल्ला हाती. पण दाट वस्तीत विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा तीच लहर पुन्हा फेकतात आणि कोन खोटे येतात. म्हणून शेवटचा टप्पा पायी. संध्याकाळी साडेसात ते साडेआठ रोज बोलायचं म्हणजे शोधणाऱ्याला रोज तासभर द्यायचा. तरी यंत्रांनी धरलं नाही. आतला तंत्रज्ञ फुटला म्हणून पारेख वाडीचं दार फुटलं.

कागदपत्रं:
एक गोष्ट दोघांनीही सोडली. निरोपांत ‘१० किलोवॅटचा ट्रान्समीटर, नंतर १०० किलोवॅट’ असं लिहिलेलं असतं. हिशेब करा. हवेत १० किलोवॅट सोडायला त्या काळच्या व्हॉल्व्हच्या यंत्राला विजेच्या खांबावरून दुप्पट तरी लागणार. २० किलोवॅट भागिले २३० व्होल्ट, ८७ अँपिअर. चाळीतल्या जोडणीचा फ्यूज पहिल्याच मिनिटाला उडेल. १०० किलोवॅटला तर वेगळं घर आणि पाण्याने थंड होणारे व्हॉल्व्ह लागतात. वॅट आणि किलोवॅटची गल्लत आहे, दुसरं काही नाही. शंभर वॅटवर संध्याकाळनंतर ४० मीटरची लहर शेकडो मैल जाते, कारण दिवसा तिला शोषणारा वातावरणाचा खालचा थर सूर्य मावळला की विरतो. मोठेपणा दाखवायला किलोवॅट लागत नाहीत.

गिरगाव_चर्चा:
हे मान्य. उलट शंभर वॅटवर केलं हेच जास्त अवघड.

फोर्टवाली:
मग ‘मोठा केलाय का’ हे शीर्षक बदला की! शेवटच्या दिवसाचं विसरू नका. १२ नोव्हेंबरला दिवसा बाबूभाईंच्या ऑफिसवर छापा पडला होता. बातमी कळल्यावर शहाणा माणूस घरी बसतो. उषाबेन पारेख वाडीला गेल्या आणि रात्रीचा कार्यक्रम लावला. पोलीस आत आले तेव्हा शेवटचं ‘वंदे मातरम्’ चालू होतं, बंद करायला सांगितलं तर नकार.

गिरगाव_चर्चा:
तो प्रसंग मलाही मान्य आहे, पण तोही मौनाच्या बाजूचाच. माझं म्हणणं एवढंच, १९४६ ला सुटल्यावर त्यांनी गांधींच्या विचारांवर पीएचडी केली, विल्सनमध्ये तीस वर्षं शिकवलं, १९८० ला निवृत्त झाल्या. १९९८ ला पद्मविभूषण. ११ ऑगस्ट २००० ला गेल्या. त्या पन्नासेक वर्षांवर आपण दोन ओळी लिहितो आणि ७८ दिवसांवर धागे काढतो.

शॉर्टवेव्ह_वेडा:
हा धागाही त्यातलाच, आणि काढला तुम्ही.

कागदपत्रं:
शिक्षांचा तक्ता पूर्ण करतो, कारण वर अर्धाच आला. आरोपी पाच होते. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवानी सुटले. म्हणजे सामान पुरवणारा सुटला आणि आवाज देणारी अडकली. आता कोणाचं काम जास्त धोक्याचं होतं, ते @गिरगाव_चर्चा यांनी ठरवावं.